सेरेसमार्गे तीन मिनिटं : एका अंतराळ हेरकादंबरीच्या कामाच्या नोंदी

काम: स्पेस ऑपेरा प्रकारातली हेरकादंबरी. सूर्यमालेपुरती, ३६ प्रकरणं, अंदाजे ९०,००० शब्द. अट एकच: प्रकाशापेक्षा वेगानं काहीही जाणार नाही, ना यान, ना निरोप. सुरुवातीला ही अट किरकोळ वाटली होती, पुढे निम्मं काम तिनंच खाल्लं. असंच काही लिहायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. त्यात जमलेल्यापेक्षा फसलेलं जास्त आहे.

५ जानेवारी : गट

पहिला आराखडा कौटिल्याच्या राजमंडलावर, म्हणजे ‘अर्थशास्त्र’ या त्याच्या ग्रंथातल्या शेजारी राज्यांच्या मांडणीवर बेतला. मधे विजिगीषू, म्हणजे जिंकायला निघालेला राजा, पुढे अरि (शत्रू), मित्र, अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र. मागे पार्ष्णिग्राह (पाठीमागचा शत्रू), आक्रंद (पाठीमागचा मित्र) आणि त्या दोघांचे आसार, म्हणजे साथीदार. बाजूला मध्यम आणि उदासीन. एकूण बारा. कागदावर झकास दिसलं. दोन दिवस खर्ची पडल्यावर लक्षात आलं की या मांडणीचा पाया म्हणजे न हलणारी जमीन. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. इथे शेजारीच फिरतात. मंगळाची प्रदक्षिणा ६८७ दिवसांची, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या सेरेस या बटुग्रहाची साधारण ४.६ वर्षांची, गुरूची ११.९ वर्षांची. मंगळ आणि सेरेस दर ३.२ वर्षांनी एकमेकांजवळ येतात आणि मधल्या काळात सूर्याच्या दोन बाजूंना जातात. आज ज्याच्याशी सीमा लागून आहे, तो दीड वर्षानं सगळ्यात लांबचा.

मंडल टाकून दिलं, पण त्यातून एक गोष्ट हाती लागली: या जगातले तह मुदतीचे असणार आणि मुदत ग्रहांच्या स्थितीवर ठरणार. ‘जवळीक’ संपली की तह संपला. कथानकाचं घड्याळ इथे मिळालं.

बाराचे तीन गट केले. पाणी विकणारं सेरेस, इंधन विकणारे गुरूचे चंद्र आणि माणसं जास्त पण दोन्हींसाठी हात पसरणारा मंगळ. हेरकथेत प्रत्येक गटाचा एक खरा आणि एक खोटा हेतू असतो. म्हणजे तीन गटांत सहा हेतू झाले. बारात चोवीस झाले असते, ते वाचकाच्या आधी लिहिणाराच विसरला असता.

११ जानेवारी : युरोपा रद्द

इंधनवाल्यांची वसाहत गुरूच्या युरोपा या चंद्रावर ठेवली होती, कारण बर्फाखालचा समुद्र दिसायला छान. तीन प्रकरणं लिहूनही झाली होती. मग किरणोत्साराचा आकडा पाहिला: युरोपाच्या उघड्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट. एवढी मात्रा एका दिवसात मिळाली तर माणूस वाचण्याची शक्यता फार कमी. आमचा हेर तिथे बर्फावर चार तास कोणाची तरी वाट बघत उभा होता.

वसाहत कॅलिस्टोवर हलवली. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांमध्ये तो सगळ्यात बाहेरचा, त्यामुळे किरणोत्सार फारच कमी. बर्फ तिथेही आहे. प्रसंग तसेच राहिले, पण वर्णनं सगळी बदलावी लागली, कारण कॅलिस्टोचा पृष्ठभाग गडद आणि खड्ड्यांनी भरलेला आहे, युरोपासारखा गुळगुळीत, चमकता नाही. गेलेला वेळ: ९ तास. जागा नक्की करण्याआधी तिथलं गुरुत्व, किरणोत्सार आणि दिवसाची लांबी एवढे तीन आकडे बघितले असते तर हे नऊ तास वाचले असते.

१४ जानेवारी : नावं

‘महासंघ’, ‘परिषद’, ‘आघाडी’ ही नावं लिहून पाहिली. सगळी सरकारी पत्रकातून उचलल्यासारखी. लोक बोलताना अशी नावं घेतच नाहीत. शेवटी आपली जुनी सोय कामी आली: मंगळकर, सेरेसकर, कॅलिस्टोकर. पहिली पाच पानं विनोदी वाटतं, वीस पानांनंतर खटकत नाही. अधिकृत नाव फक्त शिक्क्यावर आणि कोर्टात.

हेरांची बोलीही तशीच बनवली. हस्तक सांभाळणारा तो मुकादम. निरोप ठेवायची ठरलेली जागा म्हणजे कोनाडा. खोटी ओळख म्हणजे सोंग. दोन्हीकडून पैसे खाणाऱ्या हेराला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उभयवेतन’ म्हटलंय. शब्द देखणा, पण संवादात जड. आमची पात्रं त्याला ‘दोन पगारी’ म्हणतात.

२० जानेवारी : अंतर, वेळ आणि एक माफ थाप

प्रकाशाला एक खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर, कापायला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात. सरासरी कक्षा धरून निरोपाच्या एकतर्फी वेळा काढल्या. मंगळ ते सेरेस साधारण १० ते ३६ मिनिटं, सेरेस ते गुरू २० ते ६६, मंगळ ते गुरू ३१ ते ५६. कॅलिस्टो गुरूपासून सुमारे १८.८ लाख किलोमीटरवर, म्हणजे फार तर ६ सेकंदांचा फरक. तो सोडून दिला.

यानांसाठी एक थाप माफ करायची ठरलं: ०.१ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एक दशांश, एवढं त्वरण (वेग वाढण्याचा दर) सतत देणारं इंजिन. निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग तोंड फिरवून तेवढाच कमी करायचा. लागणारा वेळ म्हणजे अंतर भागिले त्वरण, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. कथेच्या सुरुवातीला मंगळ ते सेरेस १.६८ एकक अंतर आहे, म्हणून प्रवास पावणेबारा दिवसांचा. कॅलिस्टो ते मंगळ ५.०५ एकक, म्हणून २० दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानंच एका साक्षीदाराचा बळी घेतला.

थाप एकच, पण तिचा हिशोब पुरा द्यावा लागतो. इंजिनातून वायू सेकंदाला १,००० किलोमीटर वेगानं बाहेर पडतो असं धरलं, तर निघताना १,००० टन असलेलं यान सेरेसला पोहोचेपर्यंत ३७० टनांच्या आसपास उरतं, आणि निघतानाची त्याची शक्ती सुमारे ५०,००० कोटी वॉट होते. म्हणजे १,००० मेगावॉटचे ५०० वीज प्रकल्प एका नळीतून जळताहेत. हे लपणार कसं? इंजिन बंद ठेवून तरंगत गेलं तरी आतली माणसं जगण्यासाठी भिंत उबदार हवी, आणि २० अंश सेल्सियसची भिंत दर चौरस मीटरला साधारण ४०० वॉट उष्णता बाहेर टाकते. मागे आकाश जवळपास निरपेक्ष शून्याचं. कोणाचीही अवरक्त दुर्बीण ती टिपणार.

त्यामुळे ‘अदृश्य हेरयान’ असलेलं प्रकरण ४ पूर्ण काढलं. २,६०० शब्द गेले. त्यांच्या जागी जे आलं ते जास्त बरं आहे: या जगात यान लपत नाही, माणूस लपतो. हेर पाण्याच्या टँकरवर स्वयंपाकी म्हणून जातो.

६ फेब्रुवारी : प्रकरण ११ ला सगळं अडकलं

३८,००० शब्द झाले होते. प्रकरण ११ मध्ये सेरेसवर पाण्याची मोठी टाकी फुटते आणि मंगळावरच्या बैठकीत तिन्ही गटांचे लोक पडद्यावर एकमेकांवर ओरडतात. प्रसंग रंगला होता. पण मंगळकरानं प्रश्न विचारला की कॅलिस्टोकराचं उत्तर यायला जाऊन-येऊन ८४ मिनिटं हवीत. आमच्या कॅलिस्टोकरानं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं.

मागे जाऊन सगळं तपासलं. अशा चुका २३ निघाल्या. काही साध्या: पात्र वीस मिनिटं आधीच दुःखी झालंय. काही मुळावर येणाऱ्या: खुनाचा हुकूम रद्द करणारा निरोप खुनाच्या आधी पोहोचतो, तोही केवळ लेखकाची गरज म्हणून.

८ ते १९ फेब्रुवारी : ‘कळल्याची वही’

लेखन थांबवलं. स्प्रेडशीट उघडून कोणाला काय कधी कळलं याची वही केली. बारा दिवस. या कामाचा हा भाग कोणी वगळला तर पुढे दुप्पट किंमत मोजावी लागेल, म्हणून रकाने जसेच्या तसे देत आहोत:

घटनेचा क्रमांक. कुठे घडली. मानक वेळ. मंगळावर कळण्याची सगळ्यात लवकरची वेळ. सेरेसवर. कॅलिस्टोवर. यानात असलेल्या पात्राला, असल्यास. बातमी उघड की गुप्त. कोणी खरी मानली. कोणी खोटी मानली. कोणत्या प्रकरणात वाचकाला कळली.

शेवटचा रकाना आधी नव्हता. तो नसल्यामुळे दोन ठिकाणी पात्राला माहीत असलेली गोष्ट वाचकाला तीस पानं उशिरा कळत होती आणि पात्र विनाकारण मूर्ख दिसत होतं.

नमुन्याची ओळ, घटना १७. टाकी फुटली, सेरेस, ०६:१०. मंगळावर ०६:२४. कॅलिस्टोवर ०६:४१. मंगळानं तत्क्षणी विचारपूस केली तरी ती सेरेसला ०६:३८ ला पोहोचणार, आणि तोवर गळती थांबलेली किंवा माणसं मेलेली. कॅलिस्टोची सहानुभूती मंगळावर सगळ्यात लवकर ०७:२३ ला. मूळ खर्ड्यात ती ०६:३० ला आली होती.

मानक वेळ एकच ठेवा. पहिल्या चार दिवसांत मंगळाचा दिवस वेगळा धरला होता, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, आणि सेरेसचा साधारण ९ तासांचा. चाळीस दिवसांच्या कथेत मंगळाची तारीख मानक तारखेच्या एक दिवसाहून जास्त मागे पडली आणि वही विस्कटली. स्थानिक वेळ आता फक्त वर्णनात येते: सकाळ, दिवे मालवायची वेळ, इतकंच.

आणखी एक घोटाळा. मंगळ-सेरेस १४, सेरेस-कॅलिस्टो ३१ आणि मंगळ-कॅलिस्टो ४२ मिनिटं हे आकडे अख्ख्या कथेला एकच धरले होते. ग्रह थांबत नाहीत. आमच्या मांडणीत मंगळ मागून येऊन दोघांना गाठतोय आणि सेरेस गुरूला, म्हणून अंतरं घटतात. चाळिसाव्या दिवशी ते साधारण १२, २९ आणि ३८ होतात. वहीत दर पाच दिवसांनी नवे आकडे घातले.

पडद्यावरचे आमनेसामने संवाद सगळे कापले. त्यांच्या जागी पत्रं आली, आणि वाटेत एकमेकांना ओलांडून जाणारी पत्रं हे या कादंबरीचं सगळ्यात उपयोगी हत्यार ठरलं. माणूस रागाचं पत्र पाठवतो, बारा मिनिटांनी त्याच्या हातात आधीच निघालेलं माफीचं पत्र पडतं, आणि आता त्याचा राग कुठेतरी अंतराळात पुढे पुढे चालला आहे. परत बोलावता येत नाही. यासाठी कोणतीही थाप लागत नाही.

४ मार्च : दोन पगारीची चौदा पत्रं

कथेत एक दोन पगारी आहे. ओळख प्रकरण ३१ पर्यंत लपलेली, स्त्री की पुरुष हेसुद्धा. त्याआधी त्याची चौदा पत्रं वाचकाला दिसतात, प्रथमपुरुषी. मराठीत हे दुखणं आहे. ‘मी गेलो’ लिहिलं की पुरुष, ‘मी गेले’ लिहिलं की बाई. पहिल्या खर्ड्यात सवयीनं सगळीकडे ‘गेलो’ पडलं होतं आणि ओळखीचं निम्मं कोडं पहिल्याच पत्रात सुटत होतं.

उपाय काय काय चालले:

सकर्मक भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, म्हणून ‘मी पाहिलं’, ‘मी दार उघडलं’, ‘मी यादी चोरली’ हे निर्धोक. भविष्यकाळ निर्धोक: ‘मी जाईन’, ‘मी जाणार’. ‘मी जात आहे’ चालतं, ‘मी जातो’ नाही. ‘मला कळलं’, ‘मला जाता आलं नाही’ हे सगळ्यात सोपं, पण प्रत्येक वाक्य ‘मला’नं सुरू झालं की पत्र रडगाणं वाटायला लागतं.

फसगत होते ती पुढच्या क्रियापदांत. विसरणे, बोलणे, शिकणे, भेटणे. कर्म असूनही ही कर्त्याप्रमाणे चालतात. ‘मी किल्ली विसरलो’ असं तीन पत्रांत राहून गेलं होतं. आता ‘किल्ली मागे राहिली’. ‘त्याला भेटलो’च्या जागी ‘त्याची गाठ घेतली’. ‘बंदरावर पोहोचलो’च्या जागी ‘बंदर गाठलं’. ‘चुकलो’च्या जागी ‘चूक झाली’. गंमत म्हणजे यानं पत्रांना एक स्वभाव मिळाला. स्वतःला वाक्याबाहेर ठेवणारा, वस्तूंकडे बोट दाखवणारा माणूस दिसू लागला.

इतर पात्रं त्याच्याविषयी बोलताना ‘हस्तक ४ चं पत्र’, ‘हस्तक ४ कडून’ अशी वाक्यं ठेवली, म्हणजे क्रियापद पत्राशी जुळतं. ‘ती व्यक्ती’ वापरून पाहिलं, पण पाचव्या वेळी वाचकाच्या डोळ्यासमोर बाईच उभी राहते. काढलं.

चौदा पत्रं, १९ तास. प्रत्येक पत्र शेवटी मोठ्यानं वाचून तपासलं. नुसत्या डोळ्यांना ‘होतो’ दिसत नाही, कानाला लगेच टोचतो.

९ मार्च : तू आणि तुम्ही

मुकादम आणि हस्तक एकमेकांना कायम ‘तुम्ही’ म्हणतात. पत्रात ‘तू’ आलं तर समजायचं, लिहिणारा पकडला गेलाय आणि मागे कोणी उभं आहे. कल्पना स्वस्त आणि चोख. पण मग खर्ड्यात चार ठिकाणी मायेनं, नकळत ‘तू’ पडलेलं सापडलं. म्हणजे चार वेळा खोटी धोक्याची घंटा. शोध चालवताना फक्त ‘तू’ शोधून भागत नाही: तुला, तुझं, तुझ्या आणि ‘कर’, ‘ये’, ‘सांग’ अशी आज्ञार्थी रूपंही बघावी लागतात. शेवटचं ‘ये’ प्रकरण २२ मध्ये निघालं.

२२ मार्च : गुप्तलिपी

पात्रं एकदाच वापरायच्या किल्लीनं लिहितात. किल्ली मजकुराइतकी लांब, पूर्ण यादृच्छिक, एकदा वापरली की जाळायची. नियम पाळले तर ती फोडता येत नाही. पुस्तकात एक खरं उदाहरण दाखवायचं होतं आणि तिथे देवनागरी आडवी आली. अक्षरं पुढे सरकवायची पद्धत घेतली तर जोडाक्षर म्हणजे एक की दोन? मात्रा कुठे मोजायच्या?

तोडगा: आधी सगळ्याचे दोन आकडी क्रमांक. व्यंजनं क पासून २१, २२ अशी ओळीनं, मात्रा ६१ पासून, पाय मोडायला स्वतंत्र ८०. मग ‘पाणी’ म्हणजे ४१ ६१ ३५ ६३. किल्ली ७८ ०५ ९२ ४४. हातचा न घेता आकड्याखाली आकडा मिळवायचा. ४ आणि ७ अकरा, लिहायचा १. उत्तर १९ ६६ २७ ०७. उलगडताना हातचा न घेता वजा. वाचक पेन्सिल घेऊन करून बघू शकतो, आणि काही जण करतातच, म्हणून प्रत्येक ओळ तिघांनी स्वतंत्रपणे तपासली. एक चूक निघाली, जोडाक्षरातला ८० गळला होता.

किल्ली फुटते कशी, याला इतिहासातला दाखला आहे. १९४२ मध्ये सोव्हिएत बाजूनं कामाच्या रेट्यात किल्लीची काही पानं दोनदा छापली. अमेरिकेनं १९४३ मध्ये सुरू करून १९८० पर्यंत चालवलेल्या व्हेनोना प्रकल्पात त्या दुहेरी पानांमुळे काही संदेश उलगडता आले. लिपी भक्कम होती, छापखाना दमला होता. आमच्या कथेतही गणित फुटत नाही. सेरेसवरचा एक कारकून रात्रपाळीत तीच वही पुन्हा छापतो.

१० एप्रिल : किल्लीचा प्रसंग, तीन वेळा लिहिला

सेरेसभोवती घिरट्या घालणारं, माणसं राहतात ते कडं स्वतःभोवती फिरतं: त्रिज्या ८५ मीटर, मिनिटाला २ फेऱ्या. जमिनीवर ०.३८ जी मिळतो, मुद्दाम मंगळाएवढाच. म्हणजे वजनावरून कोणी कुठला हे ओळखू येणार नाही. ओळखू यायला हवं ते पडण्याच्या दिशेवरून, कारण फिरत्या कड्यात सोडलेली वस्तू सरळ पडत नाही, फिरण्याच्या उलट बाजूला सरकते.

पहिला खर्डा: कड्यात वाढलेला हेर मंगळकर म्हणून मंगळावर वावरतो, आणि पाणी ओततानाच्या जुन्या सवयीमुळे सापडतो. पाणी ‘हातभर’ बाजूला पडलं असं लिहिलं होतं. हिशोब केला. २० सेंटिमीटर उंचीवरून ओतलं तर सरकणं फक्त ९ मिलिमीटर. कोणाला दिसणार?

दुसरा खर्डा: उंची वाढवली. मीटरभरावरून सोडलेली वस्तू जवळपास १० सेंटिमीटर सरकते. दिसेल. पण मग दुसरीच अडचण. मंगळावर कडं नाही, म्हणजे फिरण्याची दिशाही नाही. सवयीचा माणूस वस्तू नेमकी कोणत्या बाजूला टाकणार?

तिसरा खर्डा, जो राहिला: सगळं उलटं केलं. मंगळाचा हेर कड्यात सेरेसकराचं सोंग घेऊन आहे. वरच्या बर्थवरून तो खालच्या साथीदाराच्या तळहातावर किल्ली सोडतो. सरळ खाली. कड्यात जन्मलेला साथीदार सवयीनं हात किंचित मागे धरतो, पण वीतभर नाही, कारण त्याला वाटतं की वरच्यानंही सवयीनं किल्ली पुढे सोडली असेल. किल्ली बोटांच्या टोकाला लागून पत्र्यावर वाजते. दोघंही काही बोलत नाहीत. दुसऱ्या रात्री साथीदार मुद्दाम पुन्हा किल्ली मागतो.

प्रसंग ३४० शब्दांचा, त्यामागे १४ तास. आकडेमोड पुस्तकात एका ओळीतही नाही.

२ मे : तिघांचं एकमत

कथेचा कणा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला नियम आहे: तीन हेरांचं म्हणणं एक आलं तर विश्वास ठेवावा. मंगळकरांचं खातं हा नियम पाळतं. सेरेसचा हेरप्रमुख तो ओळखून एकच थाप तीन तोंडांनी पोहोचवतो: कॅलिस्टोकर इंधन तोडणार आहेत.

तिसरं तोंड म्हणून कॅलिस्टोहून आलेला एक प्रवासी ठेवला होता. वहीत त्याची ओळ भरताना लक्षात आलं की कथित निर्णय तीन दिवसांपूर्वीचा आणि प्रवास वीस दिवसांचा. निर्णय व्हायच्या सतरा दिवस आधी निघालेला माणूस तो सांगणार कसा? प्रवासी गेला. त्याच्याबरोबर त्याचं सुंदर बोलणं असलेली ११ पानंही. त्याच्या जागी मंगळावरचा इंधनदलाल आला, ज्याला ‘खासगी’ निरोप मिळतो.

१६ मे : तीन मिनिटं

थाप उघडी कशी पडते हे चार महिने ठरत नव्हतं. कबुलीजबाब, फितुरी, चोरलेली वही, सगळं लिहून टाकून दिलं. उत्तर वहीत आधीपासून होतं.

त्या दिवशी कॅलिस्टो ते मंगळ थेट ४२ मिनिटं. सेरेसमार्गे ३१ अधिक १४, म्हणजे ४५. बनावट पत्र खरं तर सेरेसवरूनच निघतं, आणि त्यावर कॅलिस्टोहून निघाल्याची खोटी वेळ सेरेसचा माणूस घालतो. त्याची सगळी उमर कॅलिस्टोची पत्रं पुढे मंगळाला पाठवण्यात गेलेली. त्याच्या डोक्यात कॅलिस्टो-मंगळ म्हणजे ४५, दुसरा आकडाच नाही. तो निघाल्याची वेळ ३१ मिनिटं मागची टाकतो. पत्र सांगतं: निघालं ०९:१२, पोहोचलं ०९:५७. त्याच दिवशीचं खरं पत्र: निघालं ११:३०, पोहोचलं १२:१२. महिनाभरानं एक आवक कारकून जुनी पत्रं लावताना हा फरक बघतो.

१ जून : पहिले चार वाचक

एकानं नेमकं बोट ठेवलं. मंगळावरचा अँटेना कुठे वळलेला होता हे बघितलं की पत्र सेरेसहून आलं हे पहिल्याच दिवशी कळेल, तीन मिनिटं कशाला हवीत? बरोबर होतं. दोन दिवस डोकं धरून बसायला झालं.

दुरुस्ती: पत्रं घेणारं केंद्र वेगळं, हेरखातं वेगळं. खात्याला केंद्राकडून फक्त मजकूर आणि निघाल्याची व पोहोचल्याची वेळ मिळते, आवकेची वेळ केंद्राच्या यंत्राची. अँटेनाची नोंदवही केंद्रात राहते, आणि ती मागितली की कोणीतरी विचारणार, का हवी. आता तीन मिनिटं संशय देतात आणि नोंदवही पुरावा. कारकुनानं ती मागण्याचा प्रसंग प्रकरण ३३ झाला, आणि तोच सगळ्यात ताणाचा आहे: काउंटरवर एक अर्ज आणि ‘कारण’ असा एक रिकामा रकाना.

दुसऱ्या वाचकाला तीन मिनिटांचा फरक लक्षातच आला नाही. म्हणून आधीच्या प्रकरणांत सात पत्रांच्या माथ्यावर दोन्ही वेळा छापल्या, काही न सांगता. उरलेल्या दोघांचं म्हणणं पहिल्या तीन प्रकरणांत नावं फार आहेत एवढंच. सहा नावं कमी केली.

२८ जून : छाटणी

१,०४,००० शब्दांवरून ९१,०००. सगळ्यात आधी गेलं ते इंजिनाचं स्पष्टीकरण, मग तहांचा इतिहास. वहीत १४६ घटना, त्यातल्या पुस्तकात दिसतात ८८. बाकीच्या ५८ कोणी वाचणार नाही, पण त्या काढल्या की त्या ८८ चुकायला लागतात.

१९ जुलै : छपाईआधीची शेवटची तपासणी

मुद्रितशोधन झालेली प्रत वहीशी ताडून पाहिली. पान ४७ वर ०९:५७ च्या जागी ०९:५४. शोधकानं त्या दिवशीची बाकीची पत्रं ४२ मिनिटांची बघून हे एक जुळवून घेतलं होतं. मूळ आकडा परत घातला, समासात लाल शाईनं ‘चूक तशीच ठेवणे’ लिहिलं आणि फाइल पुन्हा पाठवली.